अतीक नदाफचे पेपर

राजेसाब चाचा डिपार्टमेंटला आले तेव्हा माझं दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. अठरा मुलं आणि सहा स्पेक्ट्रोमीटर, त्यातले दोन बिघडलेले. चाचा दारात चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, चाचा, चपला राहू द्या, आत या. तरी त्यांनी काढल्याच. हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत मोबाईल.

"रेश्मा, येळ हाय का जरा?"

"आहे की. बसा ना."

ते बसले नाहीत. "अतीकचा पेपर निगालाय म्हनं," ते म्हणाले. "परवाच्या मंगळवारी."

अतीकला जाऊन चौदा महिने झाले होते.

अतीक आणि मी याच कॉलेजात बी.एस्सी. केलं. प्रॅक्टिकलला आमची जोडी होती. तो रीडिंग घ्यायचा आणि मी लिहायची, कारण माझं अक्षर बरं होतं. राजेसाब चाचांचं होटगी रोडला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की खेड्यापाड्यांतून जळालेले पंप तिथं येऊन पडतात. अतीक कॉलेज सुटल्यावर दुकानात बसायचा आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी पायाशी ठेवून अभ्यास करायचा. पुढं तो पुण्याला गेला, मग मुंबईच्या एका संस्थेत लागला. मग वर्षातले सहा महिने जिनिव्हाला, जमिनीखालच्या त्या प्रचंड यंत्रावर कणांच्या टकरी मोजायला. मी सेट पास झाले, लग्न झालं, आणि ज्या लॅबमध्ये शिकले तिथंच शिकवायला लागले. त्याने लग्न केलं नाही. एका सकाळी मुंबईत फिरायला गेला आणि बाकावर बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. एक्केचाळीस वर्षांचा होता.

त्याचा मोबाईल घरी आला. चाचा तो रोज चार्ज करायचे. त्यावर इंग्रजीत मेल यायचे. धाकटा मुलगा आवेज त्यांना ते जमतील तसे वाचून दाखवायचा.

"आवेज म्हनला, अतीक नदाफचा नवा पेपर. म्या म्हनलं, आसं कसं? म्हनून पोलिसांत गेलो."

"पोलिसांत?"

"सायबरवाल्याकडं. कुनीतरी माज्या पोराचं नाव वापरतंय म्हनून. त्यो बिचारा चांगला बोलला. म्हनला, चाचा, नुकसान काय झालंय तुमचं? म्या म्हनलं, नुकसान काय न्हाय. मग म्हनला, गुन्हा कशाचा लिहू?"

मी मुलांना रीडिंग घ्यायला सांगितलं आणि मोबाईल हातात घेतला. पेपर खरा होता. वरती नाव, खाली प्रयोगाचं नाव, आणि शेवटी लेखकांची यादी, जवळपास एकोणतीसशे नावं. मी शोधत गेले. एन अक्षराखाली होतं, ए. नदाफ.

चाचांना समजावलं. चाचा, हा प्रयोग हजारो लोकांचा असतो. कुणी यंत्र बांधतो, कुणी चालवतो, कुणी आकडेमोड करतो. पेपर निघाला की सगळ्यांची नावं अक्षराच्या क्रमाने लागतात. माणूस गेला तरी त्याच्या काळात गोळा केलेली माहिती त्यात असते, म्हणून नाव काही दिवस राहतं. कुणी फसवलेलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग बोट ठेवलं. "आनि ह्ये?"

अतीकच्या नावापुढं एक बारीक खूण होती. उभी रेघ आणि वरच्या बाजूला आडवी रेघ.

"क्रॉस हाय ह्यो," चाचा हळू आवाजात म्हणाले. "त्याची आई दोन दिस जेवली न्हाय. तिकडं जाऊन त्यानं काय धरम-बिरम तर…"

"नाही हो चाचा! ती खंजिराची खूण आहे. छापखान्याची. खाली बघा, लिहिलंय, ज्यांच्यापुढं ही खूण आहे ते आता हयात नाहीत."

"समद्यांलाच लावत्यात?"

"सगळ्यांनाच. कुठल्याही धर्माचा असो."

ते म्हणाले, "ह्ये तू घरी येऊन सांग. माजं ती ऐकत न्हाय."

त्या शुक्रवारी मी नई जिंदगी वस्तीत त्यांच्या घरी गेले. जाताना कॉलेजच्या झेरॉक्सवाल्याकडून यादीची सगळी पानं छापून घेतली होती. गुलबानो चाचींनी चहा ठेवला, खारी ठेवली आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मी खुणा दाखवत गेले. हा चिनी माणूस, हा इटलीचा, ही बाई पोलंडची, हा कुठला ते मलाही नावावरून कळत नाही. त्या यादीत अतीक धरून नऊ जणांपुढं खंजीर होता. चाचींनी नऊही नावं माझ्याकडून वाचून घेतली. अतीकचं सोडून मला ती धड उच्चारता येत नव्हती. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "इनके घरवालों कू मालूम हय क्या, बेटी?"

मी म्हटलं, माहीत नाही.

इथंच हे मिटलं असतं. पण निघताना चाचांनी मोबाईलवरचा दुसरा एक मेल दाखवला. त्यात आकडा होता. एक लाख अठरा हजार आणि वर काही.

"ह्यो रोज वाडतोय. ह्ये काय?"

"ही सायटेशन. म्हणजे दुसऱ्या कुणी पेपर लिहिला आणि त्यात अतीकच्या पेपरचा दाखला दिला, की एक धरायचं."

"म्हंजे एक लाख अठरा हजार येळा लोकांनी माज्या पोराचं नाव घेतलं?"

मी हो म्हणणार होते. पण भौतिकशास्त्राची मास्तरीण आहे, तोंडातून निघालं, "तसं नाही चाचा."

"मग कसं?"

ते मला नीट सांगता आलं नाही. अतीकचे नऊशे चाळीस पेपर, प्रत्येकावर तीन हजारांच्या आसपास नावं. त्यातल्या एखाद्याचा दाखला कुणी दिला, की त्या सगळ्यांच्या खात्यात एकेक वाढतो. मग ते नाव अतीकचं घेतलं की सगळ्यांचं, की कुणाचंच नाही? माझी स्वतःची सायटेशन अकरा आहेत, त्यातली चार मीच मला दिलेली. ती अकरा माझी आहेत हे मी छातीठोकपणे सांगू शकते. अतीकच्या लाखाबद्दल मला काही सांगता येईना. शेवटी म्हटलं, "मोठी गोष्ट आहे, एवढं खरं." चाचा तेवढ्याने समाधानी झाले नाहीत, हे मला दिसत होतं.

माझी चूक ही, की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तो आकडा बोलले. आमच्या प्राचार्यांच्या, गुरुसिद्धप्पा हत्तुरे सरांच्या, कानावर तो गेला. सर तसे भले माणूस, पण मोठा आकडा ऐकला की त्यांना बसवत नाही. त्यांनी ठरवून टाकलं की अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, डॉ. अतीक नदाफ स्मृती व्याख्यान करायचं, वडिलांचा सत्कार करायचा आणि त्याच्या संशोधनावर कोळेकर मॅडमनी बोलायचं. कोळेकर मॅडम म्हणजे मी.

"चाळीस मिनिटं बोला," सर म्हणाले. "त्यांचं योगदान सोप्या भाषेत."

मी घरी जाऊन त्याचे पेपर उघडले. दहा, वीस, पन्नास पाहिले. सगळीकडे तीच यादी आणि तेच सारखं इंग्रजी. अतीकचं बोट कुठं लागलंय ते कुठंच दिसेना. चौदा वर्षं एका माणसाने काम केलं, आणि त्याने काय केलं हे त्याच्या नऊशे चाळीस पेपरांतून मला सांगता येत नव्हतं. आधी वाटलं, मलाच समजत नाही. मग वाटलं, यात समजण्यासारखं ते लिहिलेलंच नाही. दोन्हीतलं खरं कोणतं, ते ठरेना.

म्हणून मी त्याच्या गटात काम करणाऱ्या मार्ता नावाच्या बाईंना जिनिव्हाला मेल लिहिला. पाच दिवसांनी लांबलचक उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की टक्कर झाल्यावर कणांचे झोत बाहेर पडतात, आणि त्यांची ऊर्जा मोजताना यंत्र थोडी कमी दाखवतं. किती कमी, कुठल्या कोनाला कमी, यंत्र जुनं होत गेलं की आणखी किती कमी, याचा तक्ता अतीकने अडीच वर्षं बसून तयार केला. तो तक्ता आतल्या टिपणात आहे. टिपण बाहेर छापत नाहीत, त्यामुळे त्याचं सायटेशन होत नाही. पण त्या काळातला एकही पेपर त्या तक्त्याशिवाय निघाला नसता. शिवाय तीन पेपरांचा मजकूर त्याने स्वतः लिहिला होता. बाकीचे सगळ्यांचे आहेत, असं त्या म्हणाल्या. "आणि एक त्याचा एकट्याचा आहे, पीएचडीच्या वेळचा. तो आम्ही कुणी वाचलेला नाही."

हे सगळं सांगायला मी दुकानात गेले. चाचा एका पंपाच्या मोटारीत तार भरत होते.

"म्हंजे मीटर किती खोटं दावतंय ते काडायचा त्यो?" त्यांनी विचारलं.

"बरोबर. अगदी तेच."

"ह्ये चांगलं काम हाय." मग जरा थांबून, "पर मशीनला हात लावत न्हवता?"

"नाही चाचा. सगळं कॉम्प्युटरवर."

"म्या तर समद्यांला सांगतोय, पोरगं मशीन चालवतंय म्हनून. चौदा वर्सं." त्यांनी तार खाली ठेवली. "आनि त्यो एकट्याचा? त्येला किती जनांनी नाव घेतलं?"

मी मोबाईलवर पाहिलं. "चार."

"चार लाख?"

"चार. त्यातले दोन दाखले त्याने स्वतःच पुढच्या पेपरांत दिलेत. बाहेरचे दोन."

मला वाटलं होतं ते खट्टू होतील. पण ते पुढं सरकून बसले. "दोघं जन. कोन हायत ते?"

एक जपानचा, एक ब्राझीलचा.

"त्यांनी खरंच वाचलाय?"

"वाचला असेल म्हणून तर दाखला दिला."

"त्यांला इचार की मग. तुमी का घेतलं नाव, म्हनून."

असं कुणी विचारत नाही. कुणी माझा दाखला दिला तर मी त्याला का दिलास म्हणून विचारायला जाणार नाही. पण चाचांना नाही म्हणवेना. दोघांना मेल लिहिले, आधी ओळख दिली, अतीक गेल्याचं लिहिलं, वडिलांना जाणून घ्यायचंय म्हटलं. जपानचा पत्ता बंद झाला होता. मेल परत आला. ब्राझीलच्या पावलो नावाच्या माणसाचं उत्तर अकरा दिवसांनी, व्याख्यानाच्या आधीच्या शनिवारी आलं.

त्याने लिहिलं होतं: "तुमच्या मित्राचं ऐकून वाईट वाटलं. तुम्ही विचारलंय तर खरं सांगतो. तो पेपर मी तेव्हा वाचला नव्हता. माझ्या सहलेखकाने यादीत घातला असावा, किंवा आम्ही दुसऱ्या कुणाच्या यादीतून उतरवून घेतला. मला लाज वाटली म्हणून या आठवड्यात तो पूर्ण वाचला. सुंदर आहे. पण पाचव्या पानावर दोन पदांच्या मधलं चिन्ह अधिक आहे, तिथं मला उणे येतंय. माझं चुकत असेल. कुणी सांगू शकेल का?"

मी तो मेल चाचांना दाखवला नाही. उत्तर आलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, अजून नाही. एकतर पोराचा पेपर न वाचता दाखला दिला हे कसं सांगायचं, आणि वाचला तर चूक निघाली हे कसं सांगायचं? रविवारी मी तो पेपर काढून बसले. बारा पानं. जड कण फुटतो तेव्हा तो दोन वाटांनी फुटू शकतो, त्या दोन वाटा एकमेकींना वाढवतात की कापतात, असा त्याचा विषय. पाचव्या पानावर ते अधिक होतं. मी करून पाहिलं, मला उणे आलं. पुन्हा केलं, अधिक आलं. अशी गणितं मी अठरा वर्षांत केली नव्हती. पोरांना मी स्पेक्ट्रोमीटर शिकवते.

अठ्ठावीस तारखेला सभागृहाच्या दारावर फ्लेक्स लागला होता. अतीकचा पासपोर्टचा फोटो मोठा केलेला, आणि खाली ठळक अक्षरात: 'एक लाख अठरा हजार शोधांचे जनक'. मी हत्तुरे सरांकडे पळाले. सर म्हणाले, "फ्लेक्सवाल्याला सायटेशन कळलं नाही हो. आता राहू द्या, कोण मोजतंय?"

पहिल्या रांगेत चाचा होते, पांढरा शर्ट आणि टोपी घालून. चाची बाजूला, आवेज त्यांच्या पलीकडे. मी बोलले. टकरी सांगितल्या, झोत सांगितले, खोटं दाखवणारं मीटर सांगितलं. तक्त्याबद्दल सांगताना मुलं शांत झाली, ते मला बरं वाटलं. मग प्रश्न. मागून एक मुलगी उठली, शेवटच्या वर्षाची, झीनत.

"मॅडम, ते बाहेर लाख लिहिलंय. मग सरांनी नेमका शोध काय लावला?"

मी एक उत्तर ठरवून आले होते. ते त्या वेळी आठवेना, किंवा आठवलं तरी बोलवेना. म्हटलं, "बाहेरचा आकडा चुकीचा आहे. त्या शोधांत तीन हजार लोक आहेत. एकट्याचा म्हणाल तर एक पेपर आहे. बाहेरच्या दोघांनी त्याचा दाखला दिलाय. त्यातल्या एकाने मला कळवलंय की त्याने तो आधी वाचला नव्हता, आता वाचला, आणि पाचव्या पानावर चूक असावी असं त्याला वाटतं. मी तपासतेय. मला अजून कळलेलं नाही."

हत्तुरे सर घाईने उठले, "अशी ही विनम्र विद्वत्ता" असं काहीतरी म्हणाले आणि शाल मागवली. चाचांनी शाल घेतली. दोन शब्द बोला म्हटल्यावर माइककडे बघून नुसतेच उभे राहिले आणि खाली उतरले.

मला तोंड दाखवायची हिंमत होईना. मी जिन्यापाशी थांबले. चाचा शोधत आलेच.

"त्यो ब्राझीलवाला. कदी लिवलं त्यानं?"

"शनिवारी."

"मला न्हाय म्हनलीस."

"चाचा, चूक निघाली म्हणून कसं सांगू तुम्हाला?"

रागावलेत की काय ते कळत नव्हतं. मग म्हणाले, "मोटार जळून आली की म्या खोलतो. आत दुसऱ्याचं वायंडिंग आसतंय. चुकलंय कुटं, ते खोलल्यावरच दिसतंय. न खोलता लोक नुसतंच म्हनत्यात, चांगलं हाय, चांगलं हाय. ह्या गड्यानं खोललं तरी." मग त्यांनी विचारलं, "पर खरंच चुकलंय का त्याचं?"

"माहीत नाही, चाचा."

"मग बग की. तुला येतंय त्ये."

मला येतंय की नाही, हेच तर मला ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट झाली. अतीकच्या मोबाईलवर प्रयोगाकडूनही मेल यायचे. नवा पेपर निघाला की आवेज यादी छापून आणायचा आणि चाची ती बघायच्या. नावं वाचता येत नसली तरी खूण त्यांना ओळखता येत होती. त्या दिवशी चाचांनी मला फोन केला. "ती म्हनती, नऊ हुते त्यातले चारच राह्यलेत. आपलं पोरगं बी न्हाय त्यात."

मी पाहिलं. नव्हतं. खूण नव्हती आणि नावही नव्हतं. ठरावीक मुदत संपली की नाव निघतं, असा नियम आहे. मी तो सांगितला.

"ह्या पेपरात त्याचं काम न्हाय का?"

मी नीट वाचलं. अतीकचाच तक्ता वापरला होता, त्याच वर्षांची माहिती होती. "आहे, चाचा."

"आनि ज्यात काम न्हवतं, त्यात नाव हुतं?"

"होतं."

"आसं कसं ग?"

चाचांनी मला मार्ताबाईंना पत्र लिहायला लावलं. ते सांगत गेले, मी इंग्रजी करत गेले. "आमी यादी बघितली. अतीकचं नाव न्हाय. नियम आसंल तर आसू द्या. पर काडताना आमाला कळवायचं हुतं. त्याची आई वाट बगत बसती." एवढंच पत्र.

मार्ताबाईंनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. यादी कॉम्प्युटर बनवतो, तारीख उलटली की नाव आपोआप गळतं, कुणी काढत नाही. त्यांनी माफी मागितली होती, आणि यापुढं घरच्यांना कळवायची पद्धत पाडू, असं लिहिलं होतं. मी चाचांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कुनी काडलं न्हाय, तरी निगालं." चाचींनी त्या दिवसापासून नव्या याद्या बघायचं बंद केलं. जानेवारीतली, नऊ खुणांची यादी त्यांनी कपाटात कपड्यांखाली ठेवलीय असं आवेज म्हणाला.

मी मात्र पाचव्या पानाला चिकटले होते. कॉलेज सुटलं की तास-दोन तास बसायची. आधी जुनी पुस्तकं काढली, अर्धं विसरलेलं पुन्हा शिकले. पावलो आणि मी आठवड्याला दोन मेल लिहीत होतो. मे महिन्यात मला उणे आलं, आणि पुढच्या आठवड्यात तीन वेगळ्या वाटांनी करूनही उणेच आलं. म्हणजे अतीकचं चुकलं होतं. त्याच्या शेवटच्या आकड्यात फार नाही, सातेक टक्क्यांचा फरक पडत होता. चाचांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले, आणि विचारलं, "दुरुस्त कोन करनार?"

"मी आणि पावलो एक छोटं टिपण लिहितोय."

"अतीकचं नाव घाल की त्यात."

"लेखक म्हणून घालता येत नाही. सगळ्या लेखकांची संमती लागते."

"चूक त्याची, आनि नाव न्हाय?"

"दाखला देऊ त्याचा. पहिल्याच ओळीत."

यावर ते हसले. अतीक गेल्यापासून ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. का हसले ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

टिपण जूनमध्ये एका संशोधन पत्रिकेला पाठवलं. पावसाळा लागला, दुकानातली मोटारींची गर्दी ओसरली. दर शुक्रवारी नमाजानंतर चाचांचा फोन यायचा. आलं का काय? नाही आलं. सप्टेंबरात एकदाचे दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. मी ते छापून घेतले आणि फोन न करता सरळ दुकानातच गेले.

"चाचा, दोघांनी वाचलंय. एक म्हणतो, तुमचं बरोबर आहे, नदाफ यांच्या पेपरात चूक आहे, छापा."

"आनि दुसरा?"

"दुसरा म्हणतो, चूक नाहीच. चिन्हांच्या दोन पद्धती असतात. काही पुस्तकं अधिक धरतात, काही उणे. नदाफ यांनी दुसऱ्या पानावर तळटिपेत आपली पद्धत सांगितली आहे, ती धरली तर पाचव्या पानावरचं अधिकच बरोबर. तो म्हणतो, या दोघांनी ती तळटीप नीट वाचलेली नाही."

"तू वाचली हुतीस?"

"वाचली होती. पण ती दोन अर्थांनी लागते. एका अर्थाने तो बरोबर, एका अर्थाने आम्ही."

चाचांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "मग अतीकच्या मनात कुटला अर्थ हुता?"

"ते कसं कळणार, चाचा? सत्ताविसाव्या वर्षी लिहिलंय त्याने. तेव्हा मी त्याला फोन करून विचारू शकले असते. पण मी पेपर उघडूनच पाहिला नव्हता." इतकी वर्षं मी तो उघडला नव्हता, हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ग्राइंडर घरघरत होता, चाचांनी आवेजला तो बंद करायला सांगितलं. मग एक स्टूल ओढलं, त्यावरचा तांब्याचा कीस फडक्याने पुसला आणि माझ्यापुढं सरकवलं.

"किती दिस दिल्यात त्यांनी?"

"तीस, उत्तर पाठवायला."

"बस मग हितंच. काड कागद."

मी बसले, आणि दुसरं पान उघडलं.